आमचं माणूस

थंडी पडली की आमच्या गल्लीत आधी तंबोरे बिघडतात. माणसांना स्वेटर तरी असतात. रात्रभर गारठ्यात उभ्या राहिलेल्या तारा सकाळी भलत्याच सुरात बोलायला लागतात, आणि कोपऱ्यावरच्या कारखान्यातले चाचा तोंडानं पुटपुटत एकेक खुंटी पिळत बसतात. तो कुंई-कुंई आवाज मला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येतो. मग मी ओळखते, दिवाळी सरली. शाळू पोटरीत आला असणार. आता भाजीवाल्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसतील आणि गल्लीभर त्यांची आंबट पानं सांडतील.

आज सकाळी परत तो आवाज आला. मी मशीन थांबवलं आणि मागची थंडी अशी सबंध अंगावर आली की सुईत दोरा ओवेना. डोळ्यांना पाणी आलं म्हणून ओवेना, उगाच चष्म्याला कशाला दोष द्यायचा?

आमची मिरजेतली ही गल्ली म्हणजे एका टोकाला दवाखाने, दुसऱ्या टोकाला तंबोरे, मधे आम्ही. चाचांच्या पत्र्यावर वाळत घातलेले भोपळे, खाली मोसंबीचे गाडे, औषधांची दुकानं, आणि दर तिसऱ्या दारावर ‘नातेवाइकांसाठी खोली मिळेल’ अशी पाटी. गल्ली एवढी चिंचोळी की रिक्षा आत शिरली तर तिला उलटंच बाहेर जावं लागतं, आणि ड्रायव्हरच्या तोंडून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. म्हणून इथं जो तो पायी. आणि पायी येणारा माणूस किती तोंड चुकवणार? समोरासमोर आलं की एकानं भिंतीला चिकटायचं, दुसऱ्यानं जायचं, आणि जाता जाता चार शब्द बोलायचे. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या ओळखी अशा भिंतीला चिकटून झाल्यात.

मी मूळची माणची, दहिवडीकडची. लग्न होऊन इथं आले. मालक रेल्वेत होते. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पोरगा पुण्याला असतो. त्यानं मला पावलं मोजायचं घड्याळ आणून दिलंय आणि फोनवर विचारतो, “आई, आज किती झाली?” मी म्हणते, “भाजी आणली, दळण आणलं, बटणं आणली, एवढी झाली.” नुसतं चालायचं म्हणून चालणं मला जमत नाही. रस्त्यात कुणी भेटलं नाही तर ते कसलं फिरणं? ती नुसती पायांची हमाली.

या गल्लीत एक शब्द आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. इथं ‘पेशंट’ फक्त नर्स म्हणतात आणि रिक्षावाले म्हणतात. आम्ही म्हणतो ‘माणूस’. खोलीवर उतरलेली बाई दिसली की विचारायचं, “तुमचं माणूस कसं आहे?” कुणाचा नवरा असेल, कुणाची सासू, कुणाचं तान्हं लेकरू. सगळ्यांना एकच शब्द. उत्तरही तसंच येतं. “हाय. आज पेज प्यालं.” “रात्री कण्हत होतं.” कशानं आजारी, ते विचारायचं नाही. काय झालंय, ते नाव तोंडातून काढायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगतो. नाही सांगितलं तर आपण त्याच्या हातात चार मोसंबी ठेवायची आणि पुढं चालायचं. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण मी आले तेव्हापासून असंच आहे. आणि मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. फार अभिमान होता मला आमच्या या शब्दाचा.

मायव्वा मला भेटली ती कोपऱ्यावरच्या नळाशी. त्या नळाची चावी कुणी तरी पळवलेली, पाणी आपलं भळाभळा वाहतंय, आणि अख्खी गल्ली साड्या-पँटी वर धरून त्याच्यावरून उड्या मारत जातेय. मी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेऊन गेले, नळाच्या तोंडात कोंबायला. तर तिथं एक दणकट बाई आधीच ओणवी होऊन चिंधी कोंबत होती. आमची डोकी एकमेकांवर आपटली. तिनं कपाळ चोळत माझ्या हातातलं कणीस बघितलं आणि म्हणाली, “आवं, तुमी कंच्या दुष्काळातल्या?”

“माणातली. आणि तू?”

“जतची. तरीच म्हटलं, पाण्यापायी एवढं कोण पळतंय हितं?”

हसली. पोट धरून हसली. असं रस्त्यात मोकळं हसणाऱ्या बाया आता दिसत नाहीत. उन्हानं रापलेला रंग, कपाळभर कुंकू, रुंद खांदे, हातात पाटल्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या बोलण्यात मधेच कानडी यायचं. लांबून मला बघितलं की ओरडायची, “एन्री आक्का!” पहिल्यांदा मला वाटलं शिवी देतेय. मग कळलं, ‘काय हो’ म्हणतेय. आणि तिच्याशी बोलताना माझी इतक्या वर्षांत मिरजेच्या पाण्यात धुऊन गेलेली माणची बोली परत तोंडात आली. व्हय, न्हाई, कवा, तवा. माहेर असं भलत्याच कोपऱ्यावर भेटतं कधी कधी.

तिच्याबरोबर तिचा नवरा होता. बिराप्पा. मी त्यांना आण्णा म्हणायची. वाळकी काटकी, गालफडं आत गेलेली, खांद्यावर घोंगडं, ऐकायला कमी. दोन पावलं चालले की खोकायचे. त्यांना चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसवून ती हातातली पिशवी सांभाळत दवाखान्याकडं जायची, कागद दाखवायला, नंबर लावायला. निदान मला तसं वाटायचं. मला काय, साऱ्या गल्लीला तसं वाटायचं. माणूस कोण आणि माणसाबरोबरचं कोण, हे ओळखायला आम्हाला डॉक्टर लागत नाही, असा आमचा तोरा. टपरीवाला आण्णांना आल्याचा पहिला कप द्यायचा. समोरची काकी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन यायची. चाचा स्वतः उठून त्यांना उन्हाची जागा द्यायचे. आणि ते बिचारे कानकोंडे होऊन सगळं घ्यायचे. मला वाटायचं, भिडस्त आहेत.

मी रोज विचारायची, “मायव्वा, माणूस कसं हाय गं तुझं?”

“हाय की. काल अर्धी भाकरी खाल्ली.”

“झोपलं का?”

“न्हाई गं. लय तळमाळलं. पहाटं जरा डोळा लागला.”

“हळूहळू होईल बरं.”

“व्हय. लय चिवट हाय आमचं माणूस,” ती म्हणायची आणि तिकडं बाकड्यावर बसलेल्या आण्णांकडं बघून हसायची. मीही तिकडंच बघायची.

ती थंडी तशी साधीच होती. काही घडलं नाही तिच्यात. पण मला विचाराल तर मालक गेल्यापासूनची माझी तेवढी एकच थंडी गरम गेली. आम्ही कधी ‘भेटू’ म्हणून भेटलो नाही. तिनं माझं घर आतून बघितलं नाही, मी तिची खोली बघितली नाही. मी बटणं आणायला निघायची, ती दवाखान्यातून यायची, आणि चाचांच्या कारखान्याच्या पायरीवर आमची बैठक बसायची. मागं रंध्याचा आवाज, लाखेचा वास, कुणी तरी तार छेडून बघतंय, आणि आम्ही दोघी शेवया वळाव्यात तशा गप्पा वळतोय. एखाद्या दिवशी ती नाही दिसली तर मी उगाच परत एकदा बटणं आणायला निघायची. मशीनच्या खणात त्या थंडीत घेतलेली इतकी बटणं पडलीत की मला जन्मभर पुरतील.

पोरगा आता म्हणतो, “नंबर का नाही घेतलास तिचा?” काय सांगू याला? रोज रस्त्यात भेटणाऱ्या बाईचा नंबर कोण घेतं?

त्याच्या घड्याळाचीही तिनं टर उडवली होती. मी कौतुकानं दाखवलं, बघ, हे पावलं मोजतं. ती म्हणाली, “मग शेरडाच्या पायाला बांध की! संध्याकाळपातुर लाख भरत्याल. पोरगं म्हणंल, आई पंढरपूरला जाऊन आली.” मी हसून हसून पायरीवरून घसरले. आतून चाचा ओरडले, “बायांनो, सूर लावू द्या!” तर ही उलट त्यांनाच, “चाचा, तुमचा तंबोरा रडतोय तवर आमी हसून घेतो.”

भोगीच्या दिवशी तिनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणली होती, फडक्यात गुंडाळून. कुणाच्या तरी चुलीवर भाजून आणलेली. गावाकडनं पोरानं पाठवलेला शाळूचा हुरडा आणला एकदा. तो चोळताना तिच्या हातांकडं बघत राहावंसं वाटायचं. सगळा हुरडा माझ्या पदरात घातला. “तू खा की गं,” म्हटलं, तर म्हणाली, “माझं दात शिवशिवत्यात.” मी खात राहिले, ती बघत राहिली.

संक्रांतीच्या आधी तिनं झंपर आणून दिलं. “आक्का, ढगळ झालंय, आत घे.” मी दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. महिना झाला नसेल, तेच झंपर परत. “आनि जरा.” मी म्हटलं, “अगं, माणूस आजारी पडलं म्हणून तू का जीव टाकतेस?” तर म्हणाली, “जतची माणसं थंडीत आखडत्यात गं. उन्हाळ्यात परत सैल हुतोय आमी.” मी हसले आणि टाके घातले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असं आता मी म्हणणार नाही. ज्या बाईला आपल्याला कळू द्यायचं नाही, तिचं कसं कळणार? आणि ती तर हसवण्यात पटाईत.

मग थंडी उतरणीला लागली. वारा फिरला, भोपळे वाळून खडखडू लागले, गाड्यांवर मोसंबीच्या जागी द्राक्षं आली. अशाच एका दुपारी ती दवाखान्याकडून आली. मागून आण्णा. दोघांच्या हातात गाठोडी.

“आक्का, सुट्टी दिली गं आमच्या माणसाला.”

मला इतका आनंद झाला की विचारू नका. या गल्लीत ‘सुट्टी’ शब्द ऐकला की आम्ही देवाला हात जोडतो. मी पळत जाऊन कोपऱ्यावरून पेढे आणले. पहिला पेढा आण्णांच्या हातावर ठेवला. “खा आण्णा, तोंड गोड करा. आता परत या गल्लीत येऊ नका बरं का!” ते नुसते हातावरच्या पेढ्याकडं बघत राहिले. मायव्वा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “खावा की. आक्का देतीया.” त्यांनी खाल्ला. काकी आली, टपरीवाला आला, सगळ्यांनी आण्णांना ‘जपून राहा’ म्हणून सांगितलं. मायव्वानं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा मोडली. म्हणाली, “लय ग्वाड गेला बघ तुझ्या गल्लीत हिवाळा.” आणि निघाली. तिचं डोकं गर्दीत दिसेनासं झालं तोवर मी तिथंच उभी होते, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

मग वर्षभर मी काय केलं ते ऐका. खोल्यांवर नवी माणसं येत राहिली. कुणी बाई पायरीवर बसून रडायला लागली की मी तिच्याजवळ जायची. म्हणायची, “अगं, धीर सोडू नको. मागच्या थंडीत जतचं एक माणूस होतं. काडी झालेलं. वाटलं, हे काही टिकत नाही. पण बायको अशी खंबीर, अशी हसरी, की माणसाला उठवून घरी घेऊन गेली.” किती जणींना सांगितलं असेल! त्या डोळे पुसायच्या. मला बरं वाटायचं. मनातल्या मनात मी मायव्वाला तिकडं जतला खळ्यावर, मेंढरांमागं, सगळीकडं बघायची. एका निळ्या खणाचा तुकडा तिच्या झंपरासाठी बाजूला काढून ठेवला होता. उन्हाळ्यात सैल होते म्हणालीय, आता नवंच लागेल.

आणि यंदा तंबोऱ्याचा आवाज आला त्याच आठवड्यात, सकाळच्या उन्हात, मी डहाळे घ्यायला खाली उतरले तर टपरीच्या बाकड्यावर आण्णा. तसेच वाळके, तसंच घोंगडं. पण एकटे. मी डहाळे घ्यायचे सोडून त्यांच्याकडं वळले. वाटलं, दुखणं उलटलं बिचाऱ्यांचं.

“आण्णा, परत का आलात? काय त्रास व्हायला लागला? आणि मायव्वा कुठाय? दवाखान्यात गेली का नंबर लावायला?”

ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन मोठ्यांदा म्हटलं, “मायव्वा! मायव्वा कुठाय?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “न्हाई ऱ्हायली ती. शिमग्याच्या आदीच गेली.”

मला समजेचना. मी वेड्यासारखी म्हणाले, “अहो, पण आजारी तर तुम्ही होता!”

“मी? मला काय झालंय? मी असाच हाय, लगनापासनं.” मग त्यांनी पोटावर हात ठेवला. “तिला हुतं. हितं, आत. डाक्टर म्हणलं, आता हितं ठेवून उपेग न्हाई, घरी न्या.”

म्हणजे ती सुट्टी. म्हणजे मी पेढे वाटले ते त्याचे. काल अर्धी भाकरी खाल्ली, लय तळमाळलं, लय चिवट हाय. सगळं स्वतःचं सांगत होती बया, माझ्या तोंडावर, आमच्याच शब्दाच्या आड बसून. ‘नवरा’ म्हणाली नव्हती, ‘मी’ म्हणाली नव्हती. ‘माणूस’ म्हणाली होती. एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

मला राग आला. खरंच सांगते, आधी रडू नाही, रागच आला. मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले, “मग सांगितलं का नाही? आम्ही परके होतो का? तुम्ही तरी सांगायचं! आमचा मऊ भात खात बसलात!”

ते मान खाली घालून म्हणाले, “तिनंच शपत घातली हुती. म्हणली, दवाखान्यात मी पेशंट हाय, घरात मी पेशंट हाय. त्या गल्लीत तेवढी मी बरी हाय. तेवढी जागा ऱ्हाऊ द्या मला.” आणि म्हणाले, “मला भात गिळत न्हवता वो, बाई. पर ती बघत बसायची, म्हणून खायाचो.”

मग मात्र मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि रडले. भर रस्त्यात. भाजीवाली डहाळे बाजूला ठेवून बघत राहिली. मला कुणाची लाज वाटली नाही. तिला पाणी द्यायचं होतं, पाय चेपायचे होते, एकदा तरी ‘भिऊ नको’ म्हणायचं होतं. मैत्रीण म्हणवते, आणि तिला दुखत असताना मी तिच्याकडून शेरडाचे विनोद ऐकत बसले होते. ही कसली मैत्री? मला वाटलं, मी तिला ओळखतच नव्हते.

आण्णांनी मला रडू दिलं. टपरीवाल्यानं न मागता दोन कप आणून ठेवले. मग आण्णा म्हणाले, “बाई, मी दवाखान्याला न्हाई आलो. तुमच्याकडं आलोय. सकाळच्या यष्टीनं.”

“माझ्याकडं? काय काम काढलंत?”

“घरी गेल्यावर ती भिताडाकडं तोंड करून निजायची. बोललीच न्हाई कुणासंग. हसणं तर लांबच. पोरी आल्या, पोरं आली, कुणासंग न्हाई. म्या तिला शेवटचं हसताना बघितलं ते त्या पायरीवर. तुमच्यासंग. मी रोज हितनं बघायचो. तोंड दिसायचं, दात दिसायचं, पर ऐकू काय येत न्हवतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “आता पोरी इचारत्यात, आई मिरजंत काय म्हणत हुती वो? मला काय बी सांगता येत न्हाई. रोज एवढं काय बोलायचा तुमी? एवढं तेवढं सांगा की मला.”

काय बोलायचो? काही नाही. नळ, भाकरी, झंपर. पण या माणसाकडं तेवढंही नव्हतं. मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. हळू सांगून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू जायला हवं, म्हणून गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा सांगितलं. डोकी आपटली ते सांगितलं. शेरडाच्या पायाला घड्याळ बांधायचं सांगितलं.

“आन्?”

चाचांना दिलेलं उलट उत्तर सांगितलं. चाचा खरंच कारखान्यातून बाहेर येऊन उभे राहिले होते. हुरडा चोळताना ती काय म्हणाली, भोगीच्या भाजीत कारळं घालायचं का नाही यावरून आम्ही कशा भांडलो, सगळं सांगितलं.

“आन् मग?”

“तुमचंही सांगायची,” मी म्हटलं. “म्हणायची, लगीन झाल्यावर पहिल्यांदा रानात पाठवलं, तर मेंढरं सगळी घरी आली आणि धनगरच हरवला. गाव कंदील घेऊन शोधत होतं.”

आण्णांचा चेहरा उजळला. “खोटं हाय ते! डोळा लागला हुता जरासा, बाभळीखाली!” आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग घोंगड्यानं डोळे पुसून म्हणाले, “हे बी सांगितलं तिनं तुमाला? आनि काय?”

माझ्याजवळचं संपत आलं. एवढी मोठी थंडी, रोजच्या गप्पा, आणि सांगायला बसले तर चहाचा कप रिकामा होईपर्यंतच पुरली. मी आठवून आठवून बारीकसारीक सांगत राहिले. मांजराचं, द्राक्षाच्या गाड्याचं, तिला कुठला रंग आवडायचा त्याचं. शेवटी काहीच उरलं नाही.

“आन्?” आण्णा म्हणाले.

“संपलं, आण्णा. एवढंच होतं.”

ते उठले नाहीत. घोंगडं सावरलं, डोक्यावरचा फेटा थोडा वर सारला आणि त्यातल्या त्यात बरा कान माझ्याकडं केला.

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले.